न सापडलेली जागा

सुभाषच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हापासून मनोरमा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. लग्न झाल्यापासून ती त्याच्या तंबाखूवरून भांडत आली होती. कॅन्सर मानेत कुठून पसरला ते शोधायला आधी तोंड तपासलं, मग घसा, मग फुप्फुसं. दर वेळी रिपोर्टची वाट बघताना तो आरोपीसारखा मान खाली घालून तिच्या शेजारी बसायचा.

आज डॉक्टर म्हणाले, “सगळं तपासलं, पण कॅन्सर सुरू कुठून झाला ते सापडत नाहीये. कधीकधी नाहीच सापडत. आता त्यासाठी थांबायचं नाही. सोमवारपासून उपचार सुरू करू.”

मीरा रोडला परतताना रिक्षात सुभाषला जरा जोर आला. “बघ, तोंडात काही नाही, घशात काही नाही. उगाच माझ्या तंबाखूला नावं ठेवत होतीस.”

ती आता भडकणार म्हणून तो सावरून बसला. पण तिने त्याचा हात घट्ट धरला.



“तंबाखूच निघायला हवी होती हो. तुमच्यावर रागावले होते, तोवर मला भीती वाटत नव्हती.”