नऊशे किलोमीटर
यजमान वारल्यावर काकूंनी गाडी विकायला काढली होती. गिऱ्हाइकाने तपासणीसाठी मेकॅनिक म्हणून मला नेलं. चाळीस वर्षांची छोटीशी गाडी आणि मीटरवर जेमतेम नऊशे किलोमीटर! पण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. “काकू, मीटर मागे फिरवलाय,” मी तोंडावर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “ह्यांनी मला कधी किल्लीला हात लावू दिला नाही. हे बसने कामावर गेले की मी गॅरेजमध्ये येऊन गाडीत बसायचे. पुस्तकात बघून क्लच दाबायचे, गिअर टाकायचे. रोज.” मी ओशाळलो. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर बसलो. “चला, एक चक्कर मारू.” त्यांनी आरसा नीट केला, क्लच दाबून सफाईने पहिला गिअर टाकला, अलगद क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही. किल्ली त्यांच्या मांडीवर तशीच पडली होती.