निळीच्या जागी हिरवी

"पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी..." सासरे पाढे म्हणवून घ्यावेत तशा सुरात सांगत होते. सून मागच्या खोलीत मांडी घालून केबलच्या आठ तारा बोटांनी सरळ करत होती. हॉलमधल्या टोकाला कनेक्टर त्यांनीच बसवला होता. तेवढ्यानंच त्यांचे डोळे शिणले, म्हणून हे टोक तिच्याकडे आलं.

वायफाय या खोलीपर्यंत पोहोचत नव्हतं. ऑफिसनं विचारलं होतं, घरून जमत नसेल तर रोज इथे येता का? तुमच्यासाठी टेबल राखून ठेवू? संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. टेबल खिडकीजवळचं होतं. घरात ती एवढंच म्हणाली, "नेटचा घोळ आहे, जावंच लागेल." तिला वाटलं, मिटला विषय.

"हात्तिच्या! एवढंच ना?" सासरे म्हणाले आणि तिला घेऊन दुकानात गेले.

तिनं भिंतीच्या कडेनं चिकटवायची चपटी केबल पुढे केली. "नको झाली की काढता येते, बाबा."

"असली लेचीपेची कामं आपण करत नाही बाळ. एकदा घातली की घातली." त्यांनी जाड, तांब्याची निवडली. मग या वयात शिडीवर चढून भिंतींना भोकं पाडली. अंगठ्याला फोड आला, तो फुटला, तरी पठ्ठ्या थांबला नाही. सगळं तिच्यासाठी. नको म्हणायला तिला कुठे फटच सापडेना.

"होत आलं का गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "बरं होईल बाई. दाराची बेल वाजली की उठायला घरात माणूस झालं. माझ्या गुडघ्यांची सुटका झाली."

"आता निळी," सासरे म्हणाले.

तिनं निळीच्या जागी हिरवी सरकवली आणि हिरवीच्या जागी निळी. पकडीनं कनेक्टर दाबला.

टेस्टर लावला. त्यावरचे आठ दिवे ओळीनं लागायला हवे होते. एक, दोन, तीन... आणि पुढचा एकदम सहावा लागला.

सासरे दिव्यांकडे बघत राहिले. मग दाराकडे एक नजर टाकून हलक्या आवाजात म्हणाले, "मीच चुकीचं सांगितलं. परवा भाजी घेऊन परत येताना आपली गल्लीच सापडेना मला. हिला बोललो नाहीये. तूही बोलू नकोस."

"बिघडलं ना?" सासूबाईंचा आवाज आला. "सांगत होते, माणूस बोलवा! यांना सकाळचं दुपारी आठवत नाही आणि निघाले तारा जोडायला!"

सासऱ्यांनी फोड आलेला अंगठा मुठीत दडवला.

"बाबा, तुम्ही बरोबर सांगितलं होतं," सून म्हणाली. "मी मुद्दाम उलट्या लावल्या."

ते हसले. डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. "मुद्दाम कशाला कोण लावेल? माझं मन राखायला खोटं बोलू नकोस गं."

मग तिनं कात्री घेतली, टोक कापलं आणि तारा पुन्हा मोकळ्या केल्या.

"सांगा. तुम्ही म्हणाल तश्शाच लावते."

ते चाचपडत सांगू लागले. निळीपाशी अडखळले. डोळे मिटले. ती तार चिमटीत धरून थांबून राहिली, पण बोलली नाही.

"निळी," ते म्हणाले. "हो, निळीच."

तिनं निळी लावली. मग पुढच्या, एकामागून एक.

टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले. सासरे लहान पोरासारखे उठले आणि दाराशी जाऊन ओरडले, "अगं ऐकलंस का? सगळं पाठ आहे मला! आता सूनबाईला उंबरठासुद्धा ओलांडायला नको!"

तिनं केबल सासऱ्यांनी भिंतीवर बसवलेल्या नेटच्या डबीत सरकवली. खटकन आवाज झाला.

"ओढून बघ," सासरे आनंदानं म्हणाले. "पक्की बसलीय ना?"

तिनं ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा, जरा जोरात.