बापाच्या उरलेल्या गोळ्या

गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवला आणि दामूचा हात लटलट हलायला लागला. भाकरी खाऊन तीन तासही झाले नव्हते.

"मान कापतोस काय रे?" खैरनारकाका खुर्चीतून ताडकन उठले. समोरच्या लॅबमध्ये ते रक्त तपासायचे.

"काका, मला साखर झालीय. बापही असाच थरथरायचा, घामानं भिजायचा. एक दिवस उठलाच नाही."

काकांनी त्याला ओढत लॅबमध्ये नेलं, बोट टोचलं आणि आकडा बघून ते ओरडलेच. "गाढवा, साखर वाढली नाही, पार तळाला गेलीय! गोळ्या कसल्या खातोस?"

"बापाच्या उरलेल्या. आजार लागायच्या आधीच घेतलेल्या बऱ्या, म्हणून आई रोज देते."

"त्यानंच तुला कापरं भरतंय! आजच्या आज आईला सांग." त्यांनी त्याच्या तोंडात मूठभर साखर कोंबली.

हात थांबला, पण दामू जागचा हलला नाही. बाप थरथरायला लागला की आई धावत जाऊन त्याला जास्तीची गोळी द्यायची. वर्ष झालं, तरी येईल त्याला ती सांगते, "शेवटच्या दिवशी तर मी त्यांना तीन गोळ्या दिल्या हो, तरी गेले."