पहिली रांग, सात ते दहा

बॅटरीकाकांच्या नातीचे पुढचे दोन दात पडले, त्या वर्षीची गोष्ट. रविवारी सकाळी दहाला बाईंचं गाणं होतं. यानंतर आपण मंचावर बसणार नाही, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. तिकिटं ऑनलाइन निघाली आणि अकरा मिनिटांत संपली. 'हाऊसफुल्ल'ची पाटी बॅटरीकाकांनी स्वतःच्या हाताने दाराशी टांगली.

नाट्यगृहाच्या दारावर त्यांना एकतीस वर्षं झाली होती. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं आणि मग शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच.

तिसरी घंटा झाली तरी पहिल्या रांगेतल्या मधल्या चार खुर्च्या रिकाम्याच होत्या. रांग अगदी नातीच्या तोंडासारखी दिसत होती.

बाईंना दोघांनी धरून आणून बसवलं. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी डोळे बारीक करून समोर पाहिलं.

"पुढे कुणी नाहीये, की मलाच दिसत नाही?"

व्यवस्थापक विंगेतून म्हणाले, "येतायत बाई, वाटेत आहेत." बाईंनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवून त्या वाट बघत राहिल्या.

काकांनी तिकिटं तपासायचं यंत्र उघडलं. सात ते दहा. चारही खुर्च्या एकाच नावावर होत्या. नाव त्यांचंच होतं, वडिलांच्या नावासकट.

मग त्यांना आठवलं. महिन्यापूर्वी जावयाचा फोन आला होता. "बाबा, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा." काकांनी चष्मा लावून एकेक आकडा दोनदा वाचला होता. विजेच्या बिलाचं काहीतरी असेल, असं समजून वर आशीर्वादही दिला होता.

जावई बाहेर फाटकाशीच होता, दोन हातांत दोन फोन घेऊन.

"एका नंबरवर चारच देतात, बाबा. म्हणून तुमचा वापरला."

"सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर आकडे दिले असतेत?" तो हसला. "एक पार्टी वाटेत आहे, चारही घेणार. पाचपट. अर्धा तास राहू देत रिकाम्या."

"आणि नाही आली तर?"

"नाही तर नाही. बाकीच्यांत आपलं वसूल झालंय. पण दर पाडायचा नाही. एकदा पाडला की पुढच्या वेळी लोक शेवटपर्यंत थांबून बसतात."

"अहो, बाई खोळंबल्यात आत."

"बाईंचे पैसे बाईंना पोचले. घेणारा राजीखुशीने घेतो. मी काय कुणाच्या खिशात हात घातला?" मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन कशातून झालं बाबा? तेव्हा नाही विचारलंत."

डोळा खरोखरच छान झाला होता. त्याच डोळ्याला पलीकडे उभी असलेली शिवणकामवाली दिसली. बाईंच्या प्रत्येक गाण्याला ती खिडकी उघडायच्या आधी येऊन उभी राहायची आणि शेवटच्या रांगेतलं तिकीट घ्यायची. आता खिडकीला फळी ठोकली होती, आणि तिचा फोन साधा, बटणांचा. सकाळी आठपासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "एखादं जास्तीचं आहे का हो?" तिच्या शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. त्या दोघांनी विचारायचंही सोडून दिलं होतं.

"चला ताई," काका म्हणाले. "तुम्हीही दोघं चला."

"तिकीट?"

"आहे. माझ्या नावाचं."

"बाबा!" मागून जावई ओरडला. "पार्टी पोचलीच आहे! बाबा, असं करू नका हं, सांगून ठेवतो!"

काकांनी मागे पाहिलं नाही. बॅटरी दाखवत त्यांनी तिघांना सात, आठ आणि नऊवर नेऊन बसवलं. दहा नंबर उरला. गुडघे सकाळपासून कुरकुरत होते. ते तिथेच बसले.

व्यवस्थापक वाकत वाकत आले. "काका, उठा आधी! डोकंबिकं फिरलं का?"

"यंत्रात बघा साहेब. दहा नंबर. नाव वाचा."

व्यवस्थापकांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि ते आले तसे वाकत निघून गेले.

खुर्ची इतकी मऊ असते हे काकांना ठाऊक नव्हतं. हातातली बॅटरी विझवायची राहून गेली होती. तिचा उजेड त्यांच्याच झिजलेल्या चपलांवर पडला होता. लक्षात आलं तसं ते बटण चाचपू लागले.

"राहू दे तो दिवा," मंचावरून बाई म्हणाल्या. "तिकडे कुणीतरी आहे, एवढं कळतं." आणि त्यांनी सूर लावला.

जावई त्यानंतर पाच महिने घरी आला नाही, काकांच्या मुलीलाही येऊ दिलं नाही. नात भेटली तेव्हा तिचे दोन्ही दात नव्याने आले होते. तिने ते आजोबांना तोंड उघडून दाखवले. बाई त्याच्या आधीच्या महिन्यात, सात तारखेला, दुपारी वारल्या होत्या.