मधला माणूस

"ह्यांना सांगा, राऊटर स्वयंपाकघराजवळच बसवायचा," वासंतीने इंटरनेटवाल्याला बजावलं.

"आणि हिला सांगा, तो हॉलमध्येच राहील," शेजारीच उभा नवरा त्यालाच म्हणाला.

राऊटरच्या जागेवरून दोघांनी अबोला धरून आठवडा उलटला होता. एरवी असे निरोप लेक पोचवायची, पण ती आता होस्टेलवर होती. म्हणून इंटरनेटवाला मधे सापडला. बिचारा तासभर मान इकडून तिकडे फिरवत राहिला, आणि वासंतीला घर पुन्हा बोलतंय असं वाटलं.

अखेर त्याने राऊटर मधल्या पॅसेजमध्ये बसवला. दिवे लागले. तो चपला घालायला लागला, तशी वासंती हिरमुसली. हा गेला की पुन्हा शुकशुकाट.

तेवढ्यात दिवे विझले.

"वायर कोणी काढली?" तो मागे फिरून म्हणाला.

राऊटरखाली नवरा छताकडे बघत उभा होता.

"मांजराने," वासंतीने ठोकून दिलं.

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"येतं अधूनमधून," नवरा म्हणाला.

वायर खोचून इंटरनेटवाला गेला. दार लावताना वासंतीला हसू आवरेना.

"अहो मांजर, चहा टाकू का?"

"टाक. दूध जास्त घाल."