पायपुसणं

इन्कोरोनाताबाईंनी पिशवीतून तीन बाटल्या काढल्या आणि खासदारांच्या टेबलावर ठेवल्या. ऑगस्टमध्ये अंगणात चूल पेटवून, उकळून भरलेला टोमॅटोचा रस. काम घेऊन कोणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"बाई, अजून घरीच करता?" सावीनोनं एक बाटली उजेडात धरली. पाचवीपर्यंत तो त्यांच्याच वर्गात होता. आता खासदार होता, तरी बाई समोर आल्या की त्याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जाई.

"घरीच. रस नंतर बघ, आधी हे वाच."

अर्जावर गावातल्या दोनशेबारा सह्या होत्या. टोमॅटोच्या हंगामात मजुरांना पहाटे बंद गाडीतून नेणारे मुकादम, त्यांनी काढून घेतलेली ओळखपत्रं, पळून गेलेल्याला शोधून केलेली मारहाण, सगळं त्यात लिहिलं होतं. गुरुवारी समितीपुढे कायद्यातली दुरुस्ती येणार होती आणि सावीनो त्या समितीत होता.

"बाकारी, आत ये ना," बाई वळून म्हणाल्या.

बाकारी दारातल्या पायपुसण्यावर उभा होता. आफ्रिकेतल्या माली देशातून आलेला, उंच, तिशीच्या आतला. बाई संध्याकाळी मजुरांना इटालियन शिकवत. तिथंही तो असाच, दोनदा बोलावल्याशिवाय वर्गात पाऊल टाकत नसे. बाईंनी इतरांसमोर त्याचं कौतुकही केलं होतं. याला म्हणतात वळण, असं.

"मी इथं ठीक आहे, आई," तो म्हणाला.

सावीनोनं अर्ज खाली ठेवला. "गुलामी हा शब्द जरा जड होतोय, बाई."

"हलका सापडला की आम्हाला कळव," औषधांच्या दुकानाचा मालक पोतीतो म्हणाला. तो बाईंबरोबर आला होता. "तोवर याचं ओळखपत्र मुकादमाच्या गाडीत आहे. याचं आणि आणखी अकरा जणांचं. मत मागायला येतोस तेव्हा तुला प्रत्येक घर बरोबर सापडतं, सावीनो. ती पत्र्याची खोपटी तेवढी सापडत नाहीत."

"मी नाही म्हणतोय का, काका? पण समितीत पहिला प्रश्न येणार, कोणी पाहिलं? याच्या एकट्याच्या बोलण्यावर जाणार नाहीत, याच्याजवळ कागदच नाहीत. मला इथला एक माणूस द्या. नावानिशी. ज्यानं त्या मुकादमाला पाहिलंय, असा. गुरुवारी मी स्वतः उभा राहून वाचून दाखवतो."

दोन महिने बाई हाच माणूस शोधत दारोदार फिरल्या होत्या. सही द्यायला सगळे तयार, पण पाहिलं कोणीच नव्हतं. प्रत्येक दारावरून त्या संतापून परतायच्या. "अख्खं गाव आंधळं झालंय," असं कालच त्या पोतीतोला म्हणाल्या होत्या.

"बाकारी," त्या म्हणाल्या, "तुम्ही माल उतरवायला गावात येत असाल. कोणीतरी दारात उभं असेल. आठवून बघ. घाबरायचं नाही, जे आठवतं ते सांगायचं." वर्गात त्या अशाच बोलत.

बाकारीनं टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"सांगू, आई?"

"सांग की."

"निळं फाटक आहे. आत लिंबाचं झाड, बुंध्याला चुना लावलेला. दहा क्रेट उतरवली आम्ही. मुकादम गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. माझ्या सोबत्याच्या हातून एक क्रेट पडलं, तेव्हा खाली उतरून त्यानं त्याला मारलं. पट्ट्यानं. एक बाई दारात होत्या. त्यांनी पाहिलं."

पोतीतोला ते फाटक माहीत होतं. तो मांडीवरच्या आपल्या टोपीकडे पाहत राहिला.

बाईंना हॉर्न आठवला. रस्त्यावर पसरलेले टोमॅटो आठवले. एवढे चांगले टोमॅटो चेचले गेले, असं वाटून जीव हळहळला होता, तेही आठवलं. पट्टा आठवला. फक्त क्रेट आणून ठेवणाऱ्याचा चेहरा काही केल्या आठवेना. पाच आठवडे तो त्यांच्यासमोर पहिल्या बाकावर बसत होता.

"तू मला ओळखलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी."

सावीनोनं बाटल्या हळूच टेबलाच्या कडेला सरकवल्या. "बाई, राहू द्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या आईकडेही त्याचीच गाडी येते. असं सगळ्यांचंच होतं. आपण दुसरं कोणीतरी बघू."

"कागद दे."

"तुमचं नाव साऱ्या देशात जाईल. गावात तुम्हाला..."

"कागद दे, सावीनो."

त्यानं कागद दिला. बाईंनी वर आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली पत्ता. फळ्यावर यायचं तसंच, गोल, सुटं अक्षर. मग पेन थांबलं.

"तारीख लागेल," सावीनो म्हणाला.

बाईंना तारीख आठवत नव्हती. ऑगस्टचा शेवट, एवढंच.

"शेवटचा शनिवार," बाकारी म्हणाला.

"नक्की?" सावीनोनं विचारलं. "तिथं उलटतपासणी होते."

"नक्की. मी पाणी मागायला दारापर्यंत गेलो होतो. तुम्ही म्हणालात, आई, शनिवारची फरशी पुसलीय, आत पाय टाकू नकोस."

एवढं बोलून त्यानं आपले बूट पायपुसण्यावर थोडे आणखी मागे घेतले.