पिशवी कशी भरायची

बाळांनो, क्षणभर समजा की तुमचं जेवण तोंडातून जातच नाही. आतडं कापून टाकलंय. गळ्याखालच्या नळीतून, एका पांढऱ्या पिशवीतलं जेवण थेंबाथेंबाने थेट रक्तात उतरतं. आणि एक दिवस ती पिशवी आलीच नाही.

इस्पितळात दहा वर्षांची अशीच एक मुलगी कालपासून उपाशी पडून होती. तिचा बाप मेकॅनिक. हातात मोठा पाना घेऊन तो पिशव्या भरायच्या खोलीत शिरला, तो काच फोडूनच. दार उघडायला त्याला सवड नव्हती.

आत पिशव्या भरणारे चष्मेवाले काका एकटेच होते.

"पिशवी कुठाय?"

"फेकली. फ्रिज बिघडला, पिशवी गोठली. गोठली की तेल फुटतं, वर तवंग येतो. तसली लावता येत नाही."

"मग दुसरी?"

"भरतोय. घाई केली तर तीही नासेल."

"माझी पोर उपाशी मरतेय आणि तू मला स्वयंपाक शिकवतोस?"

पाना खाली आला. काकांच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चेचली गेली. दुसऱ्या फटक्याला कोपर गेलं. काका ओरडले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले. हातमोज्यात रक्त साठत राहिलं.

"आता तुम्हालाच भरावी लागेल," ते म्हणाले. "मी सांगतो."

बापाचा आवाज एकदम उतरला. "मला जमेल?"

"इंजिन खोलता ना? मग जमेल. आधी हात धुवा. कोपरापर्यंत."

काका जराही न चिडता शिकवत गेले. ही बाटली, ती सुई. जोरात हलवू नका, हळूच उलटसुलट करा. उजेडात ठेवू नका, जीवनसत्त्वं मरतात. बापाने घाई केली की ते म्हणत, "थांबा. श्वास घ्या. हं, आता."

शेवटी पांढरं तेल पडलं आणि पिशवी दुधासारखी दिसू लागली. बापाला रडू फुटलं.

"काका, तुमचा हात मी..."

"आधी पोरीला लावा."

मुलीच्या खाटेपाशी, बापाच्या हातातल्या पान्याकडे भीतभीत बघत नर्सने पिशवी स्टँडला अडकवली, नळी जोडली. नळीवरचा चिमटा तेवढा उघडायचा राहिला.

"मी भरली, माझ्या हातांनी," बाप म्हणाला.

"आधी काय घातलंस, बाबा?" मुलीने विचारलं.

"काका म्हणाले तसंच. आधी कॅल्शियम, त्याच्यावर लगेच फॉस्फेट, आणि लगोलग तेल."

"मधे काळ्या पाटीसमोर धरून आत कण दिसतात का बघितलं नाहीस?"

"नको म्हणाले. उगाच वेळ जातो."

मुलीने पिशवीकडे बघितलं. दोन वर्षं रोज सकाळी ती त्या काचेबाहेर बसत आली होती. काकांनीच तिला शिकवलं होतं, की ती दोन औषधं अशी लागोपाठ पडली तर खडूसारखे कण होतात. ते फुप्फुसात अडकले की माणूस मरतो. आणि एकदा तेल पडलं की ते कुणालाच दिसत नाहीत.

दारासमोरून काकांना स्ट्रेचरवर नेत होते. ते तिच्याकडेच बघत होते.

नर्सने चिमट्याला हात घातला. मुलीने सगळं बळ लावून स्टँड ओढला. पिशवी फरशीवर फुटली.

बापाचा पाना धरलेला हात वर गेला. "का केलंस?"

"हात सुटला, बाबा," ती म्हणाली, आणि स्ट्रेचर दिसेनासं होईपर्यंत तिने त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला.